बारात इंडस्ट्रीजचे कामगार

कामगार संघटनेत किती सभासद आहेत, असं विचारलं की तीन उत्तरं मिळतात. संघटनेचा नेता म्हणतो, "सगळेच." कारखान्याचा मालक म्हणतो, "एकही नाही." आणि कामगार आधी मागे वळून बघतो, मग हळूच विचारतो, "तुम्ही कोणाकडून आलात?" या तीन उत्तरांमधून खरं उत्तर शोधून काढायचं, ही माझी नोकरी होती. जयपूरच्या एका श्रम अभ्यास संस्थेत मी ती केली आणि पेन्शनही घेते आहे, म्हणजे बहुधा बरी केली असावी.

मी मूळची अकोल्याची. आमचे हे रेल्वेच्या सिग्नल खात्यात. त्यांची बदली जयपूरला झाली, आम्ही तिथल्या सोडाला भागात घर केलं आणि परत जायचं राहूनच गेलं. आमची पल्लवी इथलीच. तिचं मराठी चालता चालता हिंदीला अडखळतं. शाळेत असताना तिने एकदा माझ्या कामाची चौकशी केली होती.

"आई, मतलब तू लोकांना विचारतेस की तुमची पगार किती आहे, ते झूठ बोलतात, आणि तू लिहून घेतेस?"

आमच्या संस्थेच्या माहितीपत्रकात दोन पानं खर्चूनही हे इतकं स्वच्छ सांगितलेलं नव्हतं.

संस्थेचं मोठं काम तुलनेचं. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका या शेजाऱ्यांकडे कामगार संघटना वाढतायत की आटतायत आणि मजुरी कुठे चाललीय, ते शेजारी शेजारी मांडून बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण तीन देशांत रुपया, तिन्हींची किंमत वेगळी, आणि चौथ्याचा टका. मग आमचे संचालक माथुरसाहेब यांनी तोड काढली, की दिवसाच्या मजुरीत किती थाळ्या येतात ते मोजू. त्यावर श्रीलंकेचे सहकारी म्हणाले, थाळीत मासा हवाच. माथुरसाहेब कांद्यालाही न शिवणारे. त्यांनी मासा काढून पनीर घातलं आणि श्रीलंकेतला तमाम मजूर एका दुपारीत गरीब झाला. तिकडे पनीर महाग, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. नेपाळचं वेगळंच. त्यांच्या सरकारी कागदांवर विक्रम संवत असतो, आपल्यापेक्षा पन्नासहून जास्त वर्षं पुढे. आमच्या नव्या संगणकवाल्याने ते आकडे जसेच्या तसे भरले आणि आलेख काढला. त्यात सगळे देश डावीकडे दाटीवाटीने उभे आणि नेपाळ एकटा उजव्या टोकाला, भविष्यात जाऊन बसलेला.

तर या चार देशांच्या संघटनावाल्यांची एक बैठक जयपूरला ठरली. नेपाळहून थापाजी आले. गोल चेहरा, गोल टोपी, सतत हसरे. बांगलादेशातून शिरीन आपा आल्या. त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करता करता पुढारी झालेल्या, आणि सिनेमे बघून शिकलेलं हिंदी फार ठसक्यात बोलायच्या. श्रीलंकेहून आले परेरासाहेब, चहामळ्यांतल्या मजुरांच्या संघटनेचे. त्यांना हिंदीचा गंध नव्हता, म्हणून दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या देशाची परिस्थिती मांडली. सर्वांचं एकमत होतं, की संघटनांची सभासदसंख्या घसरते आहे, पण फक्त शेजारच्या देशांत. थापाजींकडे तर सभासद इतके होते की कामगार कमी पडत होते. "आमच्याकडे प्रत्येक पक्षाची वेगळी युनियन," ते खुलासा करत म्हणाले. "माणूस भिडस्त असतो. कोणालाच नाही म्हणत नाही."

दुसऱ्या दिवशी शिरीन आपा माथुरसाहेबांना म्हणाल्या, "कागज बहुत देख लिया. हमको असली मीटिंग दिखाइए. असली मज़दूर."

माथुरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. कारण जयपुरात आम्हाला ठाऊक असलेली संघटना म्हणजे मुरलीपुऱ्यातली शेखावतजींची.

शेखावतजींविषयी सांगायला हवं. मुरलीपुऱ्यात छोटे छोटे कारखाने आहेत. कुठे पंप बनतात, कुठे खिडक्यांच्या जाळ्या, कुठे बटणं. एके काळी तिथे शेखावतजींच्या एका हाकेवर गेटं बंद व्हायची. मग कारखान्यांतून कायमची माणसं गेली, ठेकेदाराची आली, आणि ठेकेदाराचा माणूस संघटनेच्या पाटीकडे बघायलाही घाबरू लागला. उरली ती पाटी, एक सभागृह आणि शेखावतजींच्या मिशा. पण मी दर वर्षी सभासदसंख्या विचारायला गेले की ते छाती काढून सांगायचे, "मॅडम, पिछले साल से ज़्यादा."

मी फोन केला. मग शेखावतजी म्हणाले, "परसों ले आइए. हॉल भरा मिलेगा."

आणि खरोखरच भरलेला मिळाला. पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही आत शिरताच सगळे एकदम उठून उभे राहिले, तेही इतक्या शिस्तीत की परेरासाहेबांना भरून आलं. मला मात्र काहीतरी खटकलं. एका माणसाच्या विजारीला दोन्ही बाजूंनी सोनेरी पट्टी होती. शेजारच्याच्याही होती. मागच्या रांगेतल्या एकाच्या खांद्यावर झुपके होते आणि तो ते उपरण्याखाली लपवत होता.

मी सोडाल्यात राहते. लग्नाच्या मोसमात आमच्या दारावरून रोज वरात जाते. चेहरे ओळखीचे निघाले. शेखावतजींनी बँडवाले आणून बसवले होते! चातुर्मास चालू होता, देव झोपलेले, लग्नं बंद, बँडवाले रिकामे. शेखावतजींनी चहा-कचोरीवर पूर्ण बँड उचलून आणला होता. वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बायकासुद्धा एका कडेला बसल्या होत्या.

परेरासाहेबांनी पुढच्या रांगेतल्या एका भारदस्त गृहस्थाला इंग्रजीत विचारलं, आपण कोणत्या कारखान्यात? मी हिंदी केलं. ते होते बँडमास्तर शरीफमियाँ. खोटं बोलायची सवय नसावी, कारण ते सरळ म्हणाले, "जी, बारात में."

"बारात इंडस्ट्रीज!" शेखावतजी झेप घेतल्यासारखे मध्ये पडले. "बड़ी पुरानी कंपनी है."

"तिथे काय बनतं?" परेरासाहेब वहीत लिहीत होते.

"पितळेचं काम," शेखावतजी म्हणाले.

"आणि तुम्ही स्वतः काय करता?"

"फूँकता हूँ," शरीफमियाँ म्हणाले.

मी भाषांतर केलं. भट्टीजवळचं काम आरोग्याला फार वाईट, असं म्हणून परेरासाहेबांनी सहानुभूतीने मान हलवली. मग शेजारच्या दणकट माणसाकडे वळले. तो ढोलवाला. मी प्रामाणिकपणे 'ड्रम' असं सांगितलं. "अच्छा, तेलाचे ड्रम," परेरासाहेब म्हणाले. "दिवसाला किती?"

"एकच," ढोलवाला म्हणाला. "पण सकाळपासून मरेपर्यंत बडवतो."

परेरासाहेब हबकले. एवढी कमी उत्पादकता त्यांनी कुठल्याच देशात पाहिली नव्हती.

माथुरसाहेब रुमालाने कपाळ पुसत होते. थापाजी खाली बघून हसत होते; त्यांना सगळं कळलं होतं, पण पाहुणा म्हणून गप्प होते. हे सगळं असंच गमतीत संपलं असतं. पण शिरीन आपा केव्हाच व्यासपीठावरून उतरून दिवेवाल्या बायकांमध्ये जाऊन बसल्या होत्या आणि त्यांनी कमला नावाच्या एका बाईला विचारलं होतं, "मजूरी कितनी मिलती है, बहन?"

हा प्रश्न असा आहे की त्याच्यापुढे नाटक टिकत नाही. कमला बोलू लागली. दिवा डोक्यावर घेऊन चालायचं, मान आखडते, आणि पैसे मात्र ढोलवाल्याच्या निम्मे. वरात मध्येच थांबून नाचत बसली तर कितीही उशीर होवो, जास्तीचं काही नाही. वरातीला पंचपक्वान्नं, यांनी उपाशी चालायचं. काम संपलं की मालकाची गाडी बाजा घेऊन जाते, माणसं पायी. "बाजा महँगा है ना," कमला म्हणाली.

मग सगळेच बोलू लागले. शरीफमियाँ म्हणाले, वर्दी फाटली तर मजुरीतून कापतात. ढोलवाल्याने हाताचे घट्टे दाखवले. झुपकेवाल्याने उपरणं काढून टाकलं. मी भाषांतर करता करता थकले, आणि परेरासाहेबांच्या एव्हाना लक्षात आलं की तेलाचा यात काही संबंध नाही. त्यांनी वहीतली ती ओळ खोडली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहू लागले.

शेवटी शिरीन आपा उठल्या. "शेखावतजी, ये सब आपकी यूनियन में हैं?"

शेखावतजी कात्रीत सापडले. नाही म्हणावं तर परदेशी पाहुण्यांसमोर अब्रू जाते. "हैं," ते म्हणाले. "सब हैं."

"तो आपने इनके लिए क्या किया?"

शेखावतजींच्या मिशा हळूहळू खाली आल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. मग ते घसा खाकरून शरीफमियाँना म्हणाले, आणि या वेळी आवाजात तो भाषणाचा फुगा नव्हता, "मास्टर, अगर सच में बनाएँ... तो लोग आएँगे?"

"हम तो आए हुए हैं, साहब," शरीफमियाँ म्हणाले.

त्या दुपारी तिथेच मागण्या ठरल्या. बुकिंगची वेळ संपली की पुढचा वेळ जास्तीच्या पैशाचा. वरात निघायच्या आधी जेवण. घरी सोडायला गाडी. आणि दिवेवाल्या बायकांना ढोलवाल्याइतकी मजुरी. ही शेवटची मागणी ऐकून ढोलवाला थोडा चुळबुळला, पण कमलाने त्याच्याकडे बघितलं आणि तो बसला. संप कधी करायचा हे थापाजींनी पंचांग मागवून सांगितलं. देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी, एकादशीनंतरचा पहिला मोठा मुहूर्त. त्यांना आणि शरीफमियाँना एकमेकांच्या तिथी पटापट समजत होत्या. आमच्या संस्थेत जे कोणाला जमलं नव्हतं ते त्या दोघांनी चहा पिता पिता केलं. संप कसा करायचा हे मात्र परेरासाहेबांनी सुचवलं. काम बंद केलं तर मालक सीकरहून दुसरा बँड आणील. म्हणून बंद करायचं नाही. फक्त हळू करायचं.

पाहुणे आपापल्या देशी गेले. देव उठले. बँडचे मालक सोनीजी यांनी मागण्या ऐकून घेतल्या आणि हसून विषय सोडून दिला. मग तो मुहूर्ताचा दिवस आला. माथुरसाहेबांनी मला 'निरीक्षणासाठी' पाठवलं. मी आमच्या ह्यांनाही सोबत घेतलं.

"कायले जाऊन राह्यली तू?" हे स्कूटर काढता काढता म्हणाले. "बँड तं घरूनही ऐकू येते."

"आज वेगळा वाजणार आहे."

सोडाल्यातच एका बिल्डरच्या मुलाची वरात होती. बँड लागला. गाणं सर्वांच्या ओळखीचं, उड्या मारायचं. पण शरीफमियाँनी ते इतकं सावकाश घेतलं, की एक सूर संपून दुसरा सुरू व्हायच्या आत माणसाने चप्पल घालून घ्यावी. नवरदेवाचे मित्र हात वर करून उभे राहिले आणि पुढचा ठोका येईना. एक जण कंबर एका बाजूला काढून तसाच थांबला. फक्त म्हाताऱ्या आज्या खूश होत्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना ताल सापडला होता, आणि त्या पुढे येऊन निवांत नाचू लागल्या. घोडी उभ्या उभ्या पेंगायला लागली.

"हे तं भलतंच झालं," आमचे हे म्हणाले. पण त्यांची मान त्या तालावर डोलत होती.

मुलीकडचे फोनावर फोन करू लागले, मुहूर्त टळतोय. बिल्डरने सोनीजींना बोलावून घेतलं. सोनीजी धावत आले आणि ओरडले, "तेज़ बजाओ!"

"भूखे पेट इतना ही बजता है," शरीफमियाँ अदबीने म्हणाले.

सोनीजी दिवेवाल्यांकडे वळले. निदान रोषणाई तरी पुढे सरकवावी. इथे एक गोष्ट सांगायला हवी. वरातीतले हे दिवे सुटे नसतात. सगळे एकाच लांब वायरीने मागच्या जनरेटरच्या गाडीला जोडलेले असतात. कमलाने डोक्यावरचा दिवा उतरवला आणि ती रस्त्यात बसली. वायर ताणली गेली, मागची बसली. मग तिच्या मागची. बघता बघता दोन्ही बाजूंच्या रांगा खाली बसल्या आणि नवरदेव, घोडी, बिल्डर सगळे एका झगमगत्या चौकटीत अडकले. बाहेर पडायचं तर वायर ओलांडायची, आणि भरजरी शेरवानी घालून ते कोणाला जमेना.

त्या चौकटीतच वाटाघाटी झाल्या. शेखावतजी इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते, पण ते बोलायच्या आत कमलाच बोलत होती. सोनीजी एक मागणी मानत, दुसऱ्यावर अडत. बिल्डर त्यांचा खांदा हलवून म्हणायचा, "मान जाओ ना भाई, लड़की वाले शादी तोड़ देंगे!" गाडी मान्य झाली, जेवण मान्य झालं, जास्तीचा वेळ मान्य झाला. बायकांच्या मजुरीवर सोनीजी फारच कुरकुरले. तेव्हा ढोलवाला पुढे आला आणि ढोल खाली ठेवून वायरीच्या शेजारी बसला. तोच, जो सभागृहात चुळबुळला होता. सोनीजींनी सगळ्यांसमोर हो म्हटलं.

त्यानंतर जो बँड वाजला तसा मी कधी ऐकला नाही. पेंगणारी घोडी दचकून अशी निघाली की नवरदेव वरातीच्या आधी मांडवात पोचला.

त्या वर्षीच्या आमच्या अहवालात सगळ्या शेजारी देशांच्या रेघा खाली जात होत्या आणि मुरलीपुऱ्याची किंचित वर. माथुरसाहेबांनी कारण विचारलं. मी 'सेवाक्षेत्रातील नव्या घटकांचा समावेश' असं लिहिलं. शिरीन आपांनी ढाक्याहून फोन करून कमलाशी बोलायचा हट्ट धरला आणि दोघी आपापल्या हिंदीत पुष्कळ वेळ बोलल्या.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. त्या सभागृहात खरं तर पंपवाले, जाळीवाले बसायला हवे होते. ते आले नाहीत. मी नंतर त्यांच्याकडे पुष्कळदा गेले. वरात उद्यावर ढकलता येत नाही, म्हणून बँडवाल्यांचं जमलं. पंप उद्याही बनतो, आणि उद्या तो बनवायला दुसरा माणूस मिळतो. शेखावतजी अजून त्यांच्या गेटावर जातात, एवढं सांगते.

निवृत्तीनंतर पल्लवीचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, भार्गवांचा. समधीजींनी, म्हणजे आमच्या व्याह्यांनी, विचारलं, बँड कोणाचा सांगू? मी अर्थातच छाती काढून सांगितलं.

लग्नाच्या संध्याकाळी आम्ही मुलीकडचे मंगल कार्यालयाच्या दारात औक्षणाचं तबक घेऊन उभे होतो. वरातीचा आवाज जवळ आला, चौकापर्यंत आला आणि एकदम थांबला. आम्ही वाट बघतो आहोत. थोड्या वेळाने वळणावरून घोडी आली. घोडीवर नवरदेव. पुढे त्याचे काका-मामा, तोंडाने 'ढिंचक ढिंचक' करत, घामाघूम. आणि त्यांच्या मागे बँड, बाजे काखेत धरून, गुपचूप चालत.

समधीजी लालबुंद झाले होते. "चौराहे पर बंद कर दिया! बोलते हैं टाइम पूरा!"

"आपके भाईसाहब एक ही मोड़ पर नाचते रहे," शरीफमियाँ शांतपणे म्हणाले. "ओवरटाइम बोलिए, अभी बजाते हैं."

"एक पैसा नहीं! किस नालायक ने इनकी यूनियन बनवाई?"

आमच्या ह्यांच्या हातात नारळ होता. ते पुढे झाले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "समधीजी, आपकी समधन ने."

सगळे माझ्याकडे बघू लागले. पल्लवी वरच्या खिडकीतून बघत होती. मी शरीफमियाँना विचारलं, "मास्टरजी, मेरे लिए भी नहीं?"

त्यांनी टोपी काढली. "मॅडम, आपके लिए किया तो कल सबके लिए करना पड़ेगा."

मला इतका आनंद झाला, की लेकीच्या लग्नात डोळे पुसायची माझी वेळ तिच्या पाठवणीच्या खूप आधी आली. समधीजी माझ्याकडे बघत राहिले, मग शरीफमियाँकडे, मग चालून थकलेल्या आपल्या भावाकडे. आणि त्यांना हसू फुटलं. "बजाओ भाई," ते म्हणाले. "ओवरटाइम ही सही."

बँड दणक्यात सुरू झाला. मी तबक उचलून पुढे झाले, तर घोडीचा लगाम धरलेल्या माणसाने मला हळूच खूण केली. तो वाकून कानाजवळ येत म्हणाला, "मॅडम, घोड़ी वालों की भी बन सकती है क्या?"

मी तबक आमच्या ह्यांच्या हातात दिलं आणि त्याच्याशी बोलायला बाजूला झाले. लग्न थोडं उशिराच लागलं.